जांभळं देवभात

पृथ्वीवर जीव जन्माला आल्यापासून आजतागायत एकही सजीव स्वस्थ बसलेला नाही, असं आमचे साडू म्हणतात. बाकीच्या सजीवांचं मला ठाऊक नाही, पण एका सजीवापुरतं हे मी देवाशप्पथ सांगू शकतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी लग्न झालेला हा गृहस्थ एका खुर्चीत बसून पूर्ण कप चहा प्यायलाय, असं मी आजवर पाहिलेलं नाही. पहिला घोट ते ओट्याशी घेतात, दुसरा ओसरीवर, आणि उरलेला कप परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी सापडतो. त्याला मुंग्या लागलेल्या असतात आणि साडू कमरेत वाकून त्या मुंग्यांकडे बघत असतात. ताई, म्हणजे माझी मेहुणी, कपबश्यांचा सेट कधी विकत घेत नाही. सुटे कप घेते. सेट घेऊन करायचं काय, असं ती म्हणते, त्यातला निम्मा रानात राहायला जातो.

साडू कर्जतच्या पुढच्या एका गावात राहतात आणि निवृत्त होईपर्यंत तालुक्यातल्या एका शाळेत शास्त्र शिकवत होते. मी राहतो खालापुरात, आणि नोकरीची सगळी वर्षं कुंभिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात गेली. स्टोअरवाल्याचा स्वभाव असा की वस्तू ठेवली तिथे सापडली पाहिजे. साडूंचं म्हणणं असं की या जगात कुठलीच वस्तू ठेवली तशी आणि ठेवली तिथे राहत नाही. खवल्यांची पिसं होतात, माशांच्या परांचे हात होतात, हातांची वल्ही होतात. इतकी वर्षं आमचं जमलं कसं, हे कोडं आमच्या दोघांच्या बायकांना अजून सुटलेलं नाही. उत्क्रांती हा त्यांचा विषय आहे असं म्हणणं म्हणजे पाणी हा माशाचा विषय आहे म्हणण्यासारखं होईल. ते त्यातच राहतात. आणि नुसतं सांगून थांबत नाहीत, पुरावा दाखवतात. जेवणाच्या पंगतीत कोंबडीचा पंख उचलून ते शेजारच्याला त्याचं स्वतःचं कोपर आणि मनगट दाखवतात. त्या शेजारच्याला मग पुढचा घास जात नाही, आणि साडू त्याच्या ताटातला रस्सा संपवून टाकतात.

माझ्या नातवाच्या बारशाला तर त्यांनी कहर केला. पाळण्याभोवती बायका जमलेल्या, गोविंद घ्या गोपाळ घ्या चाललेलं, आणि हे मध्येच घुसले. बाळाच्या दोन्ही मुठींत आपलं एकेक बोट दिलं आणि हात हळूच वर उचलले. बाळाने बोटं अशी काही आवळली होती की ते खांद्यापर्यंत पाळण्यातून वर आलं. माझ्या सुनेने किंकाळी फोडली. साडूंचा चेहरा मात्र देव दिसल्यासारखा उजळलेला. "बघा, बघा," ते म्हणाले, "माकडाचं पिल्लू आईच्या केसांना असंच धरतं. केस गेले, पण पकड आहे अजून." नाव ठेवायला आलेली आत्या पाय आपटत बाहेर गेली. बाळाला काय वाटलं कोण जाणे, पण त्याने साडूंची बोटं सोडली नाहीत, हे मला कबूल केलं पाहिजे.

एकदा माझी अक्कलदाढ सुजली. चौकच्या दातांच्या डॉक्टरांकडून गाल धरून घरी आलो, तर साडू दारात हजर. माणूस आजाऱ्याला भेटायला येतो तेव्हा चेहरा जरा लांब करून येतो. हे वरातीला आल्यासारखे आले. "जबडा आखूड झाला हो आपला, आणि दाढेला कोणी कळवलंच नाही," असं म्हणून त्यांनी मला तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि आमच्या हिलाही बोलावून दाखवलं. गणपतीच्या आरतीत कोणाच्या अंगावर काटा आला तर ते त्याचा हात धरून उजेडात नेतात. काटा भक्तीचा असो की थंडीचा, साडूंच्या लेखी ती केस फुगवायची जुनी सवय आहे, फक्त फुगवायला आता केस राहिलेले नाहीत. शिवाय त्यांना कान हलवता येतात. दोन्ही, आणि वेगवेगळे. लग्नाच्या मांडवात पोरं रडायला लागली की लोक त्यांनाच पुढे ढकलतात.

माकडाचं नाव मात्र त्यांच्यापुढे जपून काढावं लागतं. एकदा आम्ही दोन्ही जोडपी माथेरानला गेलो होतो. वाटेत एका माकडाने ताईच्या हातातलं कणीस हिसकावलं आणि माझ्या तोंडून सहज निघालं, "घ्या, तुमचे पूर्वज आले." साडू जागीच थांबले. मागून येणारा घोडेवाला ओरडायला लागला, तरी हलेनात. "पूर्वज नव्हे," ते म्हणाले, "चुलत भाऊ. दर वेळी तेच चुकता तुम्ही लोक. आजोबा एक होते. पुढे वाटण्या झाल्या. ते झाडावर राहिले, आपण खाली उतरलो. भावाला कोणी बाप म्हणतं का?" ताई म्हणाली, "चुलत भाऊच दिसतोय. न विचारता घेऊन गेला." त्यावर घोडेवालाही हसला, पण साडू हसले नाहीत. सगळी टेकडी उतरेपर्यंत ते मला वाटण्या समजावून सांगत होते, आणि चालता चालता दर वळणावर एखाद्या झाडाचं पान तोडून पाठपोट बघत होते.

या माणसाचा आणखी एक दुर्गुण म्हणजे त्यांना खोटं सहन होत नाही. दुसऱ्याचं तर नाहीच, पण शिष्टाचाराचं, गोड, कोणाचंही नुकसान न करणारं खोटंसुद्धा नाही. त्यांच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक वारले तेव्हा शोकसभेत कोणीतरी डोळे पुसत म्हणालं की सर आयुष्यात कोणावर कधी रागावले नाहीत. मागच्या रांगेतून साडू उठून म्हणाले, "माझ्यावर रागावले होते. दोनदा." सभेत कोणाला हसू आवरेना आणि कोणाला तोंड लपवायला जागा मिळेना. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं की मेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बरे बोलले तर काय बिघडतं. ते म्हणाले, "मला ते फार आवडायचे. म्हणून तर ते होते तसे राहिले पाहिजेत." ताईने नवी साडी दाखवून कशी आहे विचारलं तर ते खरं सांगतात, आणि मग दोन दिवस आपला आपण भात लावून खातात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एका दुपारी ताई सुपात तांदूळ निवडत बसली होती आणि साडू नेहमीप्रमाणे येरझारा घालत मला काहीतरी लाखो वर्षांपूर्वीचं सांगत होते. ताईने मान वर न करता विचारलं, "तुम्ही पाहिलंय का हो हे घडताना? डोळ्यांनी?" बस, एवढंच. साडू थबकले. हाडं, दाढा, गर्भ, खडकात सापडलेले सांगाडे, सगळा पुरावा होता, पण तो सगळा घडून गेल्याचा. घडताना पाहिलेलं काही नव्हतं. हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात, पण साडूंच्या हातात कंकणच नव्हतं. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं ताई सांगते. मला फोन आला तो सकाळी. "साडूबुवा, मला ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. मरायच्या आत." मी म्हटलं, लाखो वर्षांचं काम तुम्ही पेन्शनीत कसं बसवणार? ते म्हणाले, "बसतं. देवभात आहे ना."

देवभात म्हणजे आपल्या खाचरांत आपोआप उगवणारं रानटी भात. लोंबी येईपर्यंत ते खऱ्या भातासारखंच दिसतं, आणि लोंबी आली की लांब कुसळं काढून उभं राहतं आणि हात लागायच्या आत दाणे गाळून मोकळं होतं. पीक म्हणून आपल्याला एक दाणा देत नाही, पण पुढच्या वर्षी पुन्हा हजर. बेणणीच्या वेळी बायका तण उपटतात, पण हे कोवळेपणी ओळखूच येत नाही. तेव्हा साडूंनी कुठूनतरी जांभळ्या पानांच्या भाताचं बियाणं पैदा केलं. अख्खं खाचर जांभळं पेरायचं, म्हणजे हिरवं दिसेल ते देवभात. उपटा. ही युक्ती दुसऱ्या मुलखांतल्या शेतकऱ्यांनी पूर्वीच केली होती, आणि काही वर्षांत तिकडे देवभातच जांभळं झालं होतं, असं साडू सांगत. मी विचारलं, "देवभाताला कळलं कसं, आपण जांभळं व्हायला पाहिजे ते?" साडूंनी कपाळावर हात मारून घेतला. "कळत नाही हो त्याला. काहीसुद्धा कळत नाही. शेजारच्या जांभळ्याचा पराग उडतो, देवभाताला लागतो, आणि हजारात एखादं रोप जांभळं निपजतं. हिरवी होती ती बायकांनी उपटली. हे राहिलं. त्याचं बी पडलं. पुढच्या साली पुन्हा तेच. शेत बदलतंय ते त्या बायकांच्या बोटांनी, आणि त्यांनाही ते ठाऊक नाही." हे सांगताना ते तीनदा उठले आणि तीनदा बसले. मला त्या दिवशी पहिल्यांदा थोडंसं कळल्यासारखं वाटलं, पण मी ते तोंडावर दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी मला जेवायलाही सोडलं नसतं.

वडिलोपार्जित सामाईक शेतातलं ओढ्याजवळचं एक खाचर त्यांनी यासाठी धरलं आणि मधोमध आडवा बांध घालून त्याचे दोन तुकडे केले. दोन्हीकडे जांभळं भात, लावणी न करता हाताने फेकून पेरलेलं. अलीकडचा तुकडा दर वर्षी कसून बेणायचा. पलीकडच्याला हात लावायचा नाही. का, तर तुलना. बेणलेल्या तुकड्यात देवभात जांभळं होत गेलं आणि न बेणलेल्यात हिरवंच राहिलं, तरच म्हणता येईल की हे बेणणीने घडलं. "तुलना नसेल तर तो पुरावा नाही, ती नुसती बातमी," हे वाक्य त्यांनी शाळेत किती पिढ्यांना ऐकवलं असेल कोण जाणे, मला तर रोज ऐकवत. गावाने अर्थात आपला अर्थ लावला. जांभळ्या शेतामुळे त्यांना लोक जांभळे सर म्हणू लागले, आणि बाहेरून आलेल्याला ते त्यांचं आडनावच वाटतं. शनिवार-रविवारी फार्महाउसवर येणारी मंडळी गाड्या थांबवून त्या शेतात फोटो काढायची. एका बाईने काळा तांदूळ समजून ऑर्डरही दिली होती. साडूंनी तिला बांधावर उभं करून तासभर परागीभवन समजावलं, ती पुन्हा दिसली नाही.

बेणायला वरच्या ठाकूरवाडीतल्या बायका यायच्या. त्यांची म्होरकी चांगुणाबाय. साडूंच्या वयाची, काटक, आणि सरांशी भांडायला मिळतं म्हणून चार घरं सोडून त्यांच्याकडे कामाला येणारी. पलीकडचा तुकडा का बेणायचा नाही हे साडू तिला दर पावसाळ्यात नव्याने सांगायचे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मग बाकीच्या बायकांना सांगायची, "सरांनी ती कड देवाला सोडलीय गं. तितं हात लावायचा नाय." देवभात उभं आहे म्हणजे ते देवाचं, यात तिला समजवण्यासारखं काही दिसत नव्हतं. साडू चिडायचे. पण तुकडा शाबूत राहतोय तर राहू दे, असं मी त्यांना सांगितलं आणि एवढ्या एका बाबतीत त्यांनी माझं ऐकलं.

असे काही पावसाळे गेले. बेणलेल्या तुकड्यात आधी एखाददुसरं, मग इथे-तिथे, अशी जांभळ्या पानांची कुसळवाली रोपं दिसू लागली होती. "दोन सालं द्या, फक्त दोन," ते म्हणत. मिळालं मात्र एकच. त्यांच्या थोरल्या भावाच्या मुलांनी सगळं शेत मुंबईच्या एका गृहस्थाला बंगल्यासाठी द्यायचं ठरवलं. साडूंचा सामाईकात वाटा होता, पण भावाशी भांडणं त्यांच्याने झालं नाही. एकच मागणं मागितलं, की एवढी एक कापणी होऊ द्या, मग भराव टाका. भाऊ हो म्हणाला. त्या दिवसापासून माणसाचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी पाचला मला फोन, "ओढ्याला पाणी चढलंय." दुपारी फोन, "रस्त्यावर एक डंपर उभा आहे, कोणाचा असेल?" डंपर कोणाचा हे खालापुरात बसून मी कसं सांगणार? तरी मी मोटरसायकल काढून जायचो. तो डंपर दुसऱ्याच कोणाच्या तरी बंगल्याची खडी आणायला आलेला असायचा, आणि साडू त्याच्या ड्रायव्हरला बिडी देऊन त्याचं गाव विचारत असायचे. त्यांची ती बेचैनी मलाही लागली. रात्री पाऊस वाजला की मी कुशीवर वळून त्या खाचराचा विचार करायचो, जिथे माझं काहीही नव्हतं.

आणि ऐन श्रावणात ताईने त्यांना मोतीबिंदूसाठी नेलं. ते काही केल्या तयार नव्हते. तेव्हा ती म्हणाली, "डोळ्यांनी बघायचंय म्हणता ना? मग आधी डोळे करून घ्या." ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, चिखलात पाय नाही, वाकायचं नाही, धूळपाणी डोळ्यांत जाता कामा नये. काळा चष्मा लावून हा माणूस घरात कोंडला गेला. त्या दिवसांत त्यांनी ताईला इतकं छळलं की ती स्वयंपाकघराला आतून कडी लावून बसायची. मी भेटायला जायचो तेव्हा ते ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत जात येत मला विचारायचे, "बेणणी झाली असेल ना? चांगुणा आली असेल ना? हिरवंच उपटलं असेल ना?" सगळ्याला मी हो म्हणायचो. बेणणी चालू असल्याचं गावात कळलं होतं, आणि चांगुणाबाय ते काम डोळे मिटून करू शकते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

डॉक्टरांनी सोडलं त्या दिवशी मीच त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून शेतावर नेलं. ओढ्याच्या अलीकडे गाडी लावली आणि बांधावरून चालत गेलो. पुढे ते, मागे मी. अलीकडचा तुकडा सुरेख बेणलेला होता, नजर लागेल असा जांभळा. साडू खूश. मग त्यांनी पलीकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पलीकडचा तुकडाही तितकाच सुरेख बेणलेला होता. हिरवं पातं औषधालाही शिल्लक नव्हतं. उपटलेल्या देवभाताच्या पेंढ्या बांधावर नीट रचून ठेवलेल्या, त्या कुजायला लागलेल्या. साडू बांधावर बसले. इतक्या वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते बघवेना. मी म्हटलं, "मागच्या वर्षीचे फोटो असतील ना? त्यात हिरवं दिसेलच." ते म्हणाले, "सगळ्या फोटोंत मी उभा आहे. तुमच्या ताईने काढलेत, शेत माझ्यामागे झाकलं गेलंय." थोड्या वेळाने म्हणाले, "तिकडे हिरवंच होतं हे मला माहीत आहे. पण मला माहीत आहे हा काय पुरावा झाला?"

मग उठले ते तडक वाडीवर जायला निघाले. मी गाडी डोंगराच्या पायथ्याशी लावली. पुढची सगळी चढण ते डोळ्यांना पथ्य असलेल्या माणसाने चढू नये अशा वेगाने चढले आणि तोंडाचा पट्टा चालू. "आज बोलणार आहे मी तिला. दर वर्षी सांगतो. दर वर्षी. देवाला सोडलंय म्हणता ना, मग देवाचं तरी ठेवायचं." वाडीत चांगुणाबाय नव्हती. बायका रानात भाज्या काढायला गेल्या होत्या, संध्याकाळशिवाय यायच्या नव्हत्या. एका म्हाताऱ्याने आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "सर, डोलं बरं झालं काय?" साडू बरं झालं म्हणाले आणि आम्ही उतरलो. त्यानंतर जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा ते भाषण मी ऐकत होतो. त्यात रोज नवी भर पडत होती. कापणीला ती येईल तेव्हा तिला काय काय ऐकून घ्यावं लागणार, या विचाराने मलाच तिची दया यायला लागली होती.

दसऱ्यानंतर लोंब्या धरल्या. एका सकाळी साडूंचा फोन आला, आणि या खेपेला ते नुसतं "या" म्हणाले. मी गेलो. ऊन नुकतंच बांधावर आलं होतं. अलीकडच्या तुकड्यात पिकाच्या जोडीने जागोजाग देवभात उभं होतं. लांब, ताठ, लालसर कुसळं, आणि खाली पानं जांभळी. एखाददुसरं नव्हे, नजर टाकाल तिथे. बायकांच्या हातांखालून दर वर्षी निसटत निसटत ते आता मालकासारखं शेतात उभं होतं. साडू एकेका रोपापाशी जात होते, पान चिमटीत धरत होते, लोंबीला हात न लावता बघत होते. "बघताय ना?" ते मला म्हणाले, "घडलं. आपल्यासमोर घडलं." मी म्हटलं, "मग झालं की सिद्ध." त्यांनी पलीकडच्या तुकड्याकडे पाहिलं. हिरवी होती ती तिकडची सगळी बांधावर कुजून गेली होती, आणि चुकून वाचलेली थोडीशी जांभळीच काय ती तिकडेही कुसळं काढून उभी होती. दोन्हीकडे उरलं होतं ते जांभळंच, तुलनेला हिरवं आता कुठेच नव्हतं. "नाही," ते म्हणाले. "मी पाहिलं. सिद्ध झालं नाही. एखाद्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं, तर मी त्याला नापास केलं असतं." हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

कापणीच्या दिवशी वाडीच्या बायका आल्या. मी मुद्दाम रजा टाकल्यासारखा सकाळपासून हजर होतो, भाषणाच्या वेळी मध्ये पडायला कोणीतरी असावं म्हणून. ताईही भाकऱ्या घेऊन आली होती. चांगुणाबाय बांधावरून आली ती थेट साडूंसमोर उभी राहिली आणि त्यांच्या डोळ्यांत निरखून बघू लागली. "दिसतंय ना आता बराबर?" ती म्हणाली. साडूंनी मान हलवली. "मंग ती कड बघितली काय? आमीच बेणली. मजुरी नाय घेतली त्याची, इचारा वैनींना. तुमी डोल्याला पट्टी बांदून घरात पडलेले, आन् हितं कळलं का शेत दुसऱ्याचं व्हनार. म्हनलं, पोर दुसऱ्याच्या घरी जाताना तिला न्हाऊमाखू घालून धाडतात. इतकी वर्सं देवाला सोडलेली ती कड, पर तसं झिपरं शेत कोनाच्या हाती द्यायचं व्हय? देवाला हात जोडलं आन् बेणली. सगल्याजनींनी." मग ती जराशी थांबली. साडूंच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. बाकीच्या बायकाही विळे हातात धरून उभ्या राहिल्या. "सर," ती म्हणाली, "बरं केलं ना आमी?"

साडूंचं तोंड उघडलं. ते उघडणं मी हजारदा पाहिलेलं आहे, शोकसभेत, बारशात, लग्नाच्या मांडवात. ताईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. मी एक पाऊल पुढे सरकलो. साडूंनी एकदा पलीकडच्या तुकड्याकडे पाहिलं, एकदा चांगुणाबायकडे.

"बरं केलंस गं," ते म्हणाले. "मला तसंच पायजे व्हतं."

"मी म्हनलंच व्हतं," चांगुणाबाय बायकांकडे वळून म्हणाली. पदर खोचून ती कापायला वाकली आणि बाकीच्याही वाकल्या. ताई साडूंकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशा नजरेने तिने त्यांच्याकडे पाहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला या माणसाचा एवढा लोभ वाटला की मी उगीचच एक विळा उचलून त्याची धार बघितली. साडूंनी चांगुणाबायच्या शेजारची पात धरली. पहिलीच मूठ देवभाताची आली. विळा लागायच्या आतच लोंबी हलली आणि दाणे टपटप मातीत पडले. पुढल्या महिन्यात त्या मातीवर पुरुषभर भराव पडणार होता, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"सर, हलू," चांगुणाबाय म्हणाली, "दानं गलतात."

"गळू दे गं," साडू म्हणाले, आणि पुढच्या मुठीला हात घालायच्या आधी बराच वेळ तिथेच बसून राहिले.